वापरलेले कपडे ऑनलाइन घेताय? आधी टेप काढा

दुकानात कपडा निवडताना आपण नकळत काय काय करतो ते आठवून बघा. कापड चिमटीत धरून चोळतो. शिवण जरा ताणून बघतो. बाही उलटी करून आत डोकावतो, आणि आजूबाजूला कोणी बघत नसेल तर वासही घेतो. मग अंगावर चढवून आरशासमोर हात वर-खाली करतो. वापरलेला कपडा ऑनलाइन घेताना यातलं काहीच करता येत नाही. हाती असतात चार फोटो आणि विकणाऱ्याने घाईत लिहिलेल्या दोन ओळी. आपले हात तिथे पोचत नाहीत, म्हणून ज्याचे पोचतात त्याच्याकडून ते काम करवून घ्यायचं. सगळं कसब एवढ्यातच आहे.

माझी पहिली खरेदी म्हणजे एक निळा लोकरीचा कोट. फोटो सुरेख, साइज 'एम', माझीही 'एम'. आला, घातला, बटणं लागली. पण हात जरा पुढे केले की मुंढे, म्हणजे बाही अंगाला जोडलेली असते तो भाग, काखेत काचायचे. कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढता येईना. विकणाऱ्या बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मीच काही विचारलं नव्हतं.

१. अंग नको, कपडा मोजा

कुठलंही अॅप उघडण्याआधी शिलाईचा टेप शोधा आणि कपाटातला तुमच्या अंगावर सगळ्यात चांगला बसणारा शर्ट काढा. तो टेबलावर किंवा जमिनीवर सपाट पसरा. पलंगावर नको, गादी दबते आणि माप चुकतं. बटणं लावा, हाताने सुरकुत्या सारख्या करा, पण कापड ताणू नका.

एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत आडवं माप घ्या, ती छातीची रुंदी. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्यापर्यंत घ्या. बाही खांद्याच्या शिवणीपासून मनगटाच्या काठापर्यंत. उंची मागून, कॉलर जिथे पाठीला जोडली आहे तिथपासून खालपर्यंत. आणि मुंढा: खांद्याच्या शिवणीच्या टोकापासून काखेपर्यंत सरळ रेषेत. हे शेवटचं माप जाहिरातीत जवळजवळ कोणी देत नाही, आणि कोट-जॅकेट घेताना तेच सगळ्यात जास्त नडतं.

पँटसाठी कमरेची रुंदी, आसन (पुढून कमरेच्या काठापासून दोन्ही पाय जुळतात तिथपर्यंत), मांडी, आतली लांबी आणि मोहरी (पायाच्या खालच्या टोकाची रुंदी). आसन विसरू नका. कंबर बरोबर पण आसन तोकडं असलं, तर ती पँट घालून तुम्ही उभे राहाल, बसणार नाही.

ही मापं फोनमध्ये लिहून ठेवा. शर्ट, स्वेटर, कोट, पँट यांची वेगवेगळी, कारण कोट आतल्या कपड्यांवर घालायचा असतो आणि स्वेटर ताणतो.

इथे एक हिशोब डोक्यात पक्का बसवा. सपाट माप म्हणजे अर्धा घेर. तुमचा शर्ट सपाट ५२ सेंटीमीटर असेल तर त्याचा घेर १०४. समोरचा शर्ट ५० असेल तर "दोनच सेंटीमीटरचा फरक" वाटतो, पण अंगावर तो चार सेंटीमीटर होतो. विणलेल्या स्वेटरमध्ये एवढं खपून जाईल. न ताणणाऱ्या सुती शर्टात मात्र छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट दिसायला लागेल. शिवाय इंच आणि सेंटीमीटरचा घोळ आहेच. "छाती ४०" हे पूर्ण घेराचे ४० इंच असू शकतात किंवा सपाट ४० सेंटीमीटर. पहिला मोठ्या माणसाचा कपडा, दुसरा शाळकरी मुलाचा. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. शंका आली की विचारा.

२. साइजचा आकडा सोडून द्या

एकाच बाईला साधारण एकाच मापाचा ड्रेस हवा असेल तर अमेरिकेत तिला ६ नंबर सांगतील, ब्रिटनमध्ये १०, जर्मनीत ३६, फ्रान्समध्ये ३८ आणि इटलीत ४२. तिचं अंग तेच. वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात हे सगळे आकडे एकाच यादीत मिसळलेले असतात.

देशादेशातला फरक तरी तक्त्यात बघता येतो, काळाचा फरक बघता येत नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी खात्याने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली आणि १९४१ साली ती छापली. त्यावर बेतलेलं साइजचं प्रमाण १९५८ मध्ये आलं, आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. तोवर कंपन्यांनी आकडे आपापल्या सोयीने ढिले करायला सुरुवात केली होती. गिऱ्हाइकाला लहान आकडा अंगात गेला की बरं वाटतं, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा '१२' आजच्या '१२' पेक्षा बराच लहान निघतो.

त्यात मधल्या काळात कपडा धुतला, वापरला गेलेला असतो. लोकर आटते, सुती कापड आखडतं, जीन्स ढिली पडते. लेबलवर लिहिलेलं खरं होतं ते कपडा नवा होता त्या दिवशी.

३. कुठे बघायचं

ऑनलाइन बाजाराचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, माणसाने माणसाला विकायचा. व्हिंटेड, डीपॉप, पॉशमार्क ही त्यातली मोठी नावं. व्हिंटेड २००८ साली लिथुआनियात सुरू झालं तेच मुळी घर बदलताना एका तरुणीकडे कपडे फार झाले म्हणून. इथला विकणारा बहुतेक वेळा असाच कपाट रिकामं करणारा साधा माणूस असतो. त्याला कापडातलं कळतंच असं नाही, पण कपडा त्याच्या हाताशी असतो आणि तो उत्तर देतो.

दुसरा प्रकार गोदामवाल्यांचा. थ्रेडअपसारख्या कंपन्या लोकांकडून पिशव्या भरभरून कपडे घेतात, स्वतः फोटो काढतात, स्वतः विकतात. परत करण्याची सोय बरी असते, पण "जरा काखेचा फोटो पाठवता का?" असं विचारायला समोर कोणी नसतं. तिसरा लिलावाचा. ईबे १९९५ पासून चालू आहे. तिथे थेट किमतीतही माल मिळतो, पण लिलावाची मजा आणि धोका वेगळाच.

नवख्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, कारण तिथे बोलता येतं. सोशल मीडियावरच्या खाजगी पानांवरून घ्यायला माझी हरकत नाही, पण तिथे भांडण झालं तर मध्ये पडणारं कोणी नसतं. पहिल्या पाच-सात खरेद्या तरी तिथे नकोत.

४. शोधताना

"सुंदर जॅकेट" असं शोधलंत तर हजारो जॅकेटं येतील आणि अर्ध्या तासाने डोळे दुखतील. धाग्याचं नाव टाकून शोधा: लिनन, मेरिनो, कॅशमिअर, रेशीम. त्याला रंग आणि एक माप जोडा. ब्रँडच्या मागे लागण्यापेक्षा धाग्याच्या मागे लागलेलं मला नेहमी फळलं आहे. अनोळखी नावाचा शंभर टक्के लोकरीचा स्वेटर कोणी शोधत नाही, म्हणून तो स्वस्तात पडून असतो.

ब्रँडच हवा असेल तर त्याची चुकीची स्पेलिंगंही टाकून बघा. घाईत टाइप केलेल्या जाहिराती इतरांच्या शोधात येत नाहीत. हव्या त्या शोधाची सूचना लावून ठेवा म्हणजे रोज अॅप उघडायला नको. कोट उन्हाळ्यात आणि लिनन हिवाळ्यात शोधा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही.

५. जाहिरातीची भाषा

काही संक्षेप सगळीकडे दिसतात. 'एनडब्ल्यूटी' म्हणजे नवा, टॅग लागलेला. 'एनडब्ल्यूओटी' म्हणजे नवा, पण टॅग नाही. 'ईयूसी' म्हणजे वापरलेला पण उत्तम स्थितीत. यातलं पहिलं तपासता येतं, बाकी दोन विकणाऱ्याचं मत.

"सिल्की" म्हणजे रेशीम नव्हे. "सॅटिन" हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. सॅटिन रेशमाचंही असतं आणि पॉलिएस्टरचंही, आणि बहुतेक वेळा पॉलिएस्टरचंच असतं. "लोकरी फील" म्हणजे लोकर नाही. "व्हेगन लेदर" हे बहुतेक वेळा प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड. त्याबद्दल पुढे बोलू. "फोटोत दिसतंय तसं" या शब्दांचा अर्थ असा की दोष फोटोत कुठेतरी आहे, तुम्ही शोधा. फोटो मोठा करून बघा.

आणि फोटोत कपडा एखाद्या मॉडेलने घातलेला असेल, पाठीमागचा पडदा स्टुडिओचा असेल, तर तो फोटो बहुधा कंपनीच्या साइटवरून उचललेला आहे. गूगल लेन्सवर (फोटोवरून शोधायची सोय) टाकून बघा, बहुतेक वेळा लगेच कळतं. मूळ फोटोसोबत खऱ्या कपड्याचा एकही फोटो नसेल तर पुढे जा.

६. तो एक मेसेज

खरं काम इथे होतं. कपडा आवडला, फोटो बरे आहेत, धागा हवा तो आहे. आता विकणाऱ्याचे हात वापरायचे. मी पाठवते तो मेसेज साधारण असा असतो:

"नमस्कार, तुमचा राखाडी कोट आवडला. घ्यायचा विचार आहे. त्याआधी तीन गोष्टी सांगाल का? कोट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून काखेपर्यंत किती सेंटीमीटर भरतो? आतल्या लेबलचा, म्हणजे कापड कशाचं ते लिहिलेल्या बाजूचा, एक फोटो मिळेल का? आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, काखेचा आणि कॉलरच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवलात तर फार बरं होईल. घाई नाही, सवडीने पाठवा."

तीनच प्रश्न. दहा विचारलेत तर माणूस कंटाळतो आणि उत्तरच देत नाही. "कोट चांगला आहे ना?" हे विचारण्यात अर्थ नाही, कारण "हो" याशिवाय दुसरं उत्तर येत नाही. मोजायला सांगा, दाखवायला सांगा; मत विचारू नका.

काखच का? कारण घाम तिथे मुरतो, कापड तिथे आधी विरतं, शिवण तिथे आधी उसवते. काखेचं कापड ठीक असेल तर सहसा बाकी कपडाही ठीक असतो. शर्टाला कॉलरची घडी आणि कफचा काठ बघा. कापड घडीवर फाटतं. पँटला मांडीच्या आतली बाजू आणि मागे बैठकीची जागा. स्वेटरला कोपर, आणि बाजूला जिथे हात घासतो तिथे गोळे धरलेत का ते. गोळे काढता येतात, विरलेलं कापड भरून येत नाही.

पांढऱ्या किंवा फिक्या कपड्याचा फोटो मागताना शेजारी कोरा कागद ठेवायला सांगा. फोनचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने सुधारतो, पण कागदाशेजारी पिवळेपणा लपत नाही. काळा कपडा विटलाय का तेही तसंच कळतं.

लोकरीच्या कपड्यासाठी एक जास्तीचा फोटो: कपडा खिडकीसमोर धरून, उजेड पलीकडून येईल असा. कसर (लोकर खाणारी कीड) लागली असेल तर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. पलंगावर पसरलेल्या फोटोत ते कधीच दिसत नाहीत. एक ठिपका रफू करता येतो. पाच-सहा असतील तर नको म्हणा.

उत्तर कसं येतं त्यावरही बरंच कळतं. "टेप नाहीये घरी, उद्या आणून मोजते" म्हणणाऱ्या बाईंकडून मी डोळे मिटून घेईन. "नेहमीची एम साइज आहे, सगळ्यांना बसते" म्हणणाऱ्याकडून नाही.

७. शिंपी काय करू शकतो आणि काय नाही

"थोडं मोठं आहे, करून घेऊ" हा विचार अनेकांना महागात पडतो. लांबी कमी करणं सोपं. कमरेला आत घेणं सोपं. बाही खालून आखूड करणं सोपं, कफ आणि बटणं नसतील तर. खांदे लहान करणं म्हणजे बाह्या काढून कोट जवळजवळ पुन्हा शिवणं. मुंढा मोठा करायचा तर तो खालून कोरावा लागतो, आणि कोरला की सगळी बाही बिघडते. माझ्या निळ्या कोटाचं तेच झालं असतं. शिंपीदादांनी टेप न लावताच मान हलवली.

कपडा मोठा करायचा तर आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड, असावी लागते. जुन्या शिवलेल्या कपड्यांत, विशेषतः पँटच्या मागच्या शिवणीत आणि खालच्या दुमडीत, ती बऱ्याचदा असते. कारखान्यातल्या स्वस्त मालात कापड वाचवायला माया कापून टाकलेली असते. दोन-तीन सेंटीमीटर वाढवून घ्यायच्या भरवशावर घेत असाल, तर आतल्या शिवणीचा फोटो आधी मागा. नसता घरात आणखी एक न होणारा कपडा येतो.

८. हे सहसा घेऊ नये

पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, लेप दिलेली "लेदर" जॅकेटं आणि पिशव्या. हा लेप हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतो. वापरा किंवा कपाटात ठेवा, काही वर्षांनी तो कॉलरवर, कोपरांवर पापुद्र्यांसारखा सुटायला लागतो, आणि एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. फोटोत अगदी ठीक दिसणारं जॅकेट घरी येऊन महिन्याभरात सोलायला लागू शकतं. खरं चामडं कोरडं पडलं तर तेल-मलमाने बरंचसं सुधारतं, हे नाही.

याच कारणाने जुने न वापरलेले बूट फसवतात. "डब्यात होते, एकदाही घातले नाहीत" हे ऐकायला गोड. पण ज्यांचा तळ पॉलियुरेथेनच्या फोमचा आहे असे बूट नुसते ठेवूनही आतून ठिसूळ होतात. मला असाच एक जोड मिळाला होता. वरून चकचकीत. दोनशे पावलं चालल्यावर मागे बघितलं तर रस्त्यावर करड्या चुऱ्याची रेघ.

तिसरं म्हणजे इलास्टेन हा ताणणारा धागा जास्त असलेले कपडे: व्यायामाच्या टाइट्स, पोहण्याचे कपडे, स्ट्रेच जीन्स. ड्यूपाँ कंपनीत १९५८ मध्ये हा धागा पहिल्यांदा बनला आणि लायक्रा नावाने घराघरांत पोचला. उष्णतेने, क्लोरीनने त्याचा ताण मरतो. फोटोत ते कळत नाही, घातल्यावर गुडघ्यावर कापड पोकळ राहिलं की कळतं. घ्यायचंच असेल तर कमरेची पट्टी ताणून सोडतानाचा छोटा व्हिडिओ मागा. पट्टीला लाटा राहिल्या तर जाऊ द्या.

याउलट लोकर, लिनन, जाड सुती कापड, खरं चामडं ही वापरलेलीच घ्यावीत असं माझं मत आहे. पहिल्या मालकाने आटवायचं तेवढं आटवलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. जे दिसतं ते पुढेही बरंचसं तसंच राहतं.

९. "विंटेज" आणि खरं-खोटं

एट्सी या हस्तकला आणि जुन्या वस्तूंच्या साइटच्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे किमान २० वर्षं जुनं. बाकी ठिकाणी हा शब्द कशालाही लावतात. वय ओळखायला लेबल मदत करतं. "मेड इन वेस्ट जर्मनी" लिहिलेला कपडा १९९० च्या आधीचा. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं, तेव्हा तिथे विकलेल्या कपड्यावर ते असेल तर तो सहसा त्यानंतरचा. लीवायसच्या जीन्सच्या लाल पट्टीवर १९७१ पर्यंत नावातलं 'ई' मोठ्या लिपीत असायचं, नंतर छोट्या. पण जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या कंपनी स्वतःच काढते आणि त्यांवरही मोठं 'ई' असतं. म्हणून एका खुणेवर विसंबू नका, दोन-तीन जुळल्या तरच माना.

चेनवर 'वायकेके' आहे म्हणजे माल अस्सल, हाही गैरसमज. ती १९३४ साली टोकियोत सुरू झालेली कंपनी आहे, तिच्या चेन साध्या कपड्यांतही असतात आणि नकली मालावर तिचं नाव कोरणंही कठीण नाही. महागडी ब्रँडेड वस्तू घ्यायची असेल तर तपासून देणाऱ्या साइटवरूनच घ्या. नवख्याने फोटोवरून अस्सल-नकल ओळखायच्या भानगडीत पडू नये. ते ओळखणाऱ्यांचीही फसगत होते.

१०. किंमत आणि पैसे

मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. खरा भाव म्हणजे असाच कपडा किती रुपयांना विकला गेला तो. ईबेवर 'विकलेले' असा फिल्टर असतो, तो लावून मागचे सौदे बघा. घासाघीस करायची तर सभ्यपणे: कारण सांगा, एकच आकडा सांगा, आणि मान्य झाला तर लगेच घ्या. निम्म्या किमतीची बोली लावून नंतर गायब होणाऱ्यांमुळे विकणारे वैतागलेले असतात. पाठवण्याचा खर्च आणि परदेशातून येत असेल तर आयात शुल्क मिळवूनच एकूण किंमत धरा. स्वस्त शर्ट या दोन आकड्यांनी नव्यापेक्षा महाग झालेला मी पाहिला आहे.

लिलावात स्वतःची कमाल रक्कम आधीच कागदावर लिहा. ईबेवर ती एकदाच टाकता येते; यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेते. शेवटच्या मिनिटाला कोणी वर गेलं तर जाऊ द्या.

पैसे मात्र नेहमी अॅपमधूनच. "बाहेर व्यवहार करू, कमिशन वाचेल" असं कोणी म्हणालं की सौदा तिथेच संपवा. पेपल या पैसे पाठवायच्या सेवेत 'मित्र-नातेवाईक' पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, आणि फसवणारे नेमका तोच सुचवतात.

११. पार्सल आलं की

त्याच दिवशी उघडा. तक्रारीची मुदत फार छोटी असते: व्हिंटेडवर दोन दिवस, पॉशमार्कवर तीन, ईबेवर ३०. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी ते पान एकदा वाचा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा. मग टेप काढून सांगितलेली मापं पडताळा, आणि घालून बघा: हात वर, हात पुढे, खुर्चीत बसून. सगळं ठीक असेल तरच "मिळालं" हे बटण दाबा. ते दाबलं की पैसे विकणाऱ्याकडे जातात आणि परत मिळवणं कठीण होतं.

ठेवायचं ठरलं की थेट कपाटात नको. सुती कपडा ६० अंशांच्या गरम पाण्याला टिकणारा असेल तर तसा धुवा. ढेकूण आणि त्यांची अंडी त्यात मरतात. लोकर, रेशमाला गरम पाणी चालत नाही. त्यांची भीती कसरीची. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन हे प्रथिन खातात, उडणारं पाखरू स्वतः काही खात नाही. म्हणून पाखरू दिसलं नाही म्हणजे कसर नाही असं होत नाही. कपडा बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग बाहेर काढून ब्रशने झटका.

वासांचे प्रकार वेगळे, उपायही वेगळे. डांबरगोळ्यांचा वास वाऱ्यावर टांगून ठेवल्याने जातो, कारण त्यांतलं नॅफ्थलीन हवेत उडून जातं. पण आठवडे लागतात. घामाचा वास सुती कापडातून सहज निघतो, पॉलिएस्टरला मात्र चिकटून राहतो. तिथे एन्झाइमवाल्या साबणाच्या पाण्यात भिजवून बघा. तो साबण लोकर-रेशमाला लावू नका, ती स्वतः प्रथिनांचीच असतात. पिवळट पडलेल्या पांढऱ्या सुती कापडाला सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीचची पावडर) घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवलं तर बराच फरक पडतो. सिगारेटचा वास पूर्ण काढायची हमी मी देणार नाही.

लेबल नसलेल्या कपड्याचा धागा ओळखायचा असेल तर आतल्या मायेतून एक धागा ओढा, चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी राख आली तर लोकर किंवा रेशीम. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख असेल तर सुती किंवा लिनन. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा तसाच दुसरा कृत्रिम धागा. एकच धागा घ्या, आणि नळ हाताशी ठेवा.

१२. नाहीच बसला तर

वर्णनाशी न जुळणारा माल परत करता येतो, नुसता न आवडलेला बहुतेक ठिकाणी नाही. मग आपणच तो विकायला काढायचा. निळा कोट मी तसाच विकला. छाती, खांदे, बाही, उंची लिहिली. खिडकीसमोर धरून फोटो काढला, काखेचा काढला, लेबलच्या दोन्ही बाजूंचे काढले. "तिसरं बटण मूळचं नाही, उजव्या बाहीचं अस्तर दोन सेंटीमीटर उसवलं आहे" हेही लिहिलं. आता कोणी काही विचारायला जागाच ठेवली नाही, असं वाटून मी फोन खाली ठेवला. तासाभराने एका ताईंचा मेसेज आला: "छान आहे कोट. मुंढा किती भरतो?"